शकुंतलेची टेसने : 1910 पासून आजपर्यंत

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे आधी संस्थापकांचे फोटो, मग देणगीदारांची यादी, मग इमारतीचे चित्र अशी वहिवाट आहे. आमची अडचण अशी की या संस्थेचे संस्थापक मुंबईच्या एका इंग्रज पेढीतले साहेब. देणगी कोणी दिली नाही, कारण पैसा नफ्यासाठी घातलेला होता. आणि इमारत म्हणावी तर एक खोली, एक खिडकी आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात गावाचे नाव. शिवाय संस्था आज बंद आहे.

तरीही संपादक मंडळाने इतिहास लिहायला सांगितले, आणि ते बरोबरच केले. अचलपूर ते मूर्तिजापूर 76 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, असा सुमारे 190 किलोमीटरचा हा शकुंतला गाडीचा अरुंद रेल्वेमार्ग आजच्या अमरावती, अकोला, वाशीम आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांतून जातो. अचलपूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा, यवतमाळ ही त्यावरची मोठी ठिकाणे. त्यांचा इतिहास गॅझेटियरमध्ये मिळतो. पथ्रोट, कापूसतळणी, लेहगाव, लाखपुरी, लाडखेड, लासिना यांचा मिळत नाही. या लेखात मोठी गावे येतील, पण पाहुण्यासारखी. घर लहान स्टेशनांचे आहे.

1910 पूर्वी : कापूस आधी, रूळ मागाहून

या मार्गाचे मूळ कोणा पुढाऱ्याच्या मागणीत नाही. ते आपल्या काळ्या मातीत आणि लिव्हरपूलच्या बाजारात आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला एकाएकी सोन्याचे मोल आले. वऱ्हाड तेव्हा निजामाचा मुलूख, पण 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात दिलेला. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना निजामाशी कर्तव्य नव्हते. ते आपल्या मालाला ‘ऊमरा’ म्हणत, म्हणजे उमरावतीचा, अमरावतीचा कापूस. ज्याने बोटीत कधी पाय ठेवला नाही अशा कास्तकाराच्या गावाचे नाव असे समुद्रापार गेले.

मुंबईहून निघालेली जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. वाटेत ती वऱ्हाडाच्या मधून गेली खरी, पण मोठ्या कापूसबाजारांना बगल देऊन. मग फाटे काढणे आले. जलंब ते खामगाव हा फाटा मार्च 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. बडनेऱ्याहून अमरावतीलाही असाच फाटा गेला. उत्तरेकडचे अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर आणि दक्षिणेकडचे कारंजा, दारव्हा, यवतमाळ मात्र बंडीच्या चाकावर राहिले.

कारंजाचा येथे थोडा अभिमानाने उल्लेख करू. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. पण देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने याच कारंजात भरला, ही गोष्ट आपल्याच मुलांना सांगावी लागते. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. माप कोणाचे, दलाली किती, हर्रास कशी, हे ठरवून देण्याची सुरुवात इथली. म्हणजे बाजार तयार होता, जिन-प्रेस उभे राहत होते. माल मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळापर्यंत न्यायचा कसा, एवढाच प्रश्न उरला होता. पावसाळ्यानंतर काळ्या रानातून भरली बंडी काढणे म्हणजे काय, हे ज्याने बैलाच्या शेपटीला हात घातला आहे त्यालाच कळेल.

त्यातच छप्पन्नचा दुष्काळ आला. 1899-1900 सालच्या त्या उपासमारीने दाखवून दिले की रेल्वे जशी माल बाहेर नेते तसे धान्य आतही आणू शकते. 1902 मध्ये वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतले गेले आणि 1903 पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला. आता मुलूख एका हाताखाली आला होता.

1910 ते 1920 : अडीच फुटांचा संसार

मुंबईत 1857 पासून असलेल्या किलिक निक्सन या पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि या दशकात आपला मार्ग आकाराला आला. पुलगाव ते आर्वी हा 35 किलोमीटरचा मार्गही याच कंपनीचा. तो आपला चुलतभाऊ, त्याचे नशीबही आपल्यासारखेच निघाले.

रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मोठ्या रेल्वेचे साडेपाच फूट. अरुंद मार्ग का निवडला याचे उत्तर सरळ आहे. जमीन कमी लागते, भराव कमी, पूल हलके, रूळ हलके, इंजिन लहान. खर्च आटोक्यात राहतो. फक्त एक गोष्ट तेव्हा कोणी फारशी मनावर घेतली नसावी. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळावर चढत नाही. त्यामुळे अचलपूरहून आलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरायची आणि माणसाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढायची.

रुईच्या दाबलेल्या एका गाठीचे वजन 392 पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेदोन क्विंटलच्या आतबाहेर. अशा दोन गाठींची एक खंडी. हमाल लोखंडी आकडा गाठीच्या पट्टीत अडकवायचा, एक जण पुढून ओढायचा, दुसरा मागून ढोपराने रेटायचा, आणि गाठ कलती होऊन फळीवर चढायची. लेखी इतिहासात या माणसांपैकी एकाचेही नाव नाही. साहेबांच्या पेढीचे नाव आम्ही वर दिले आहे. या स्मरणिकेपुरते तरी आकडेवाल्या हमालांना संस्थापकांच्या रांगेत बसवावे, असे आमचे मत आहे.

सुरुवातीच्या अडचणींत सर्वांत मोठी अडचण आपली मातीच. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर टाकलेली गिट्टी हळूहळू पोटात जाते. रूळ एका बाजूला बसतो, गाडी झोकांड्या खाते. यावर उपाय एकच, गँग. फावडे, पहार आणि गिट्टी घेऊन रोज चालायचे, जिथे स्लीपर खचला तिथे उचलून खाली गिट्टी ठोसायची. ही गाडी हळू चालते म्हणून जे थट्टा करतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे की हळू चालली म्हणूनच ती शंभर वर्षे चालली.

स्टेशने कुठे असावीत, त्यांना कोणाचे नाव द्यावे, यावरून त्या काळी जे काही झाले असेल ते वाडवडिलांनी पारावर बसून मिटवले. आज ते उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. दर्यापूरचे स्टेशन बनोसा या नावाने का ओळखले जाते, असे कोणी विचारले तर दोन्ही गावे आपलीच, एवढे सांगावे.

1920 ते 1930 : मँचेस्टरचे इंजिन

या दशकातली एकच गोष्ट सर्वांना पाठ आहे. 1921 साली मँचेस्टरला बनलेले झेड.डी. वर्गाचे वाफेचे इंजिन 1923 मध्ये या मार्गावर कामाला लागले आणि सत्तर वर्षे चालले. आपला कापूस ज्या मुलुखात कातायला जायचा तिथूनच तो ओढून नेणारे यंत्र आले, यात कोणाला न्याय दिसतो, कोणाला व्यापार दिसतो.

1925 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली. त्याच वर्षी जी.आय.पी.चा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. आपल्याकडे गाडी चालवायला जी.आय.पी.चीच माणसे असत. रूळ आणि जमीन कंपनीची, इंजिन हाकणारे रेल्वेचे, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला. ही तिहेरी व्यवस्था त्या वेळी सोयीची वाटली. तिची गाठ पुढे कशी निरगाठ झाली ते यथावकाश येईल.

या काळातले लहान स्टेशन डोळ्यांपुढे आणायचे तर फार वस्तू लागत नाहीत. फलाट म्हणजे दाबलेला मुरूम, रुळाच्या जेमतेम वर. डब्याच्या पायरीवर आधी पाय टाकायचा, मग लुगड्याचा ओचा सावरायचा, मग वरच्या माणसाने पोर ओढून घ्यायचे. खिडकीतून जाड पुठ्ठ्याचे बोटभर तिकीट मिळायचे. ते देण्याआधी मास्तर यंत्रात दाबून त्यावर तारीख उठवायचा. तो ‘खट्’ आवाज झाला की माणूस निश्चिंत व्हायचा. संध्याकाळी सिग्नलच्या खांबावर रॉकेलचा दिवा चढवायला पॉइंट्समन शिडीने वर जायचा. गावात दुसरीकडे कुठेही घड्याळ नसले तरी स्टेशनात असायचे. गाडी मात्र त्या घड्याळाला फारसे मानत नसे.

गाडी कापसासाठी आणली होती. माणसे त्यात मागून बसली, आणि बसली ती उतरलीच नाहीत. सरकी-ढेप, भाजीच्या टोपल्या, लग्नाचे वऱ्हाड, कोर्टाच्या तारखेला निघालेला कास्तकार, माहेरपणाला आलेली लेक. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेले गाडगे महाराज या रुळाच्या दोन्ही टोकांचे. खराटा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसाला गाडीची गरज नव्हती, पण त्याच्या कीर्तनाला जाणाऱ्यांना होती.

1930 ते 1950 : पुसदचा फाटा

1930 च्या सुमारास दारव्ह्याहून दिग्रसमार्गे पुसदला एक फाटा गेला. पुसदकरांचा आनंद फार टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची गरज पडली आणि या फाट्याचे रूळ उखडून नेले. जे गाव एकदा नकाशावर काळ्या रेघेने जोडले गेले त्याची रेघ पुन्हा पुसली गेली. आपल्या मार्गावरची पहिली बंद स्टेशने ही. आम्ही त्यांना थोरली बहीण मानतो. दारव्ह्याच्या स्टेशनाला दारव्हा-मोतीबाग म्हणतात, आणि जुनी माणसे तिथून पुसदकडे बोट दाखवून ‘इकडून जात होती’ असे सांगत, तेव्हा बोटाच्या दिशेला फक्त वावर असायचे.

युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला. या काळात आपल्या स्टेशनांवर काय घडले याचे कागद फारसे बोलत नाहीत, म्हणून पुढे जाऊ.

1950 ते 1970 : राष्ट्रीयीकरणातून राहून गेलेली

5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. देशभरच्या कंपन्यांच्या आणि संस्थानांच्या रेल्वे एका छत्राखाली आल्या. आपला मार्ग मात्र बाहेर राहिला. गाडी मध्य रेल्वेची, रूळ कंपनीचे, असा करार चालू राहिला आणि दर दहा वर्षांनी त्याची मुदत वाढत गेली. देशातली एकमेव खासगी मालकीची रेल्वे असा लौकिक आपल्याला त्यातून मिळाला. बाहेरगावचे पत्रकार तो कौतुकाने लिहितात. आपल्याकडे मात्र लौकिकाचा अर्थ वेगळा होता. रूळ बदलायचे कोणी, पूल दुरुस्त करायचे कोणी, डबे नवे कोणी घालायचे, या प्रत्येक प्रश्नाला दोन दारे होती आणि दोन्ही दारांवर समोरच्या दाराचा पत्ता लिहिलेला होता. कोणा एकाला बोल लावण्याची ही जागा नव्हे. दोन मालकांच्या बैलाची जी गत होते ती झाली, इतकेच.

याच काळात स्टेशन जागेवरून न हलता राज्ये बदलत गेले. 1950 मध्ये ते मध्य प्रदेशात होते, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. एलिचपूरचे अचलपूर झाले, येवतमाळचे यवतमाळ. रेल्वेचे दप्तर मात्र विसरत नाही. अचलपूर स्टेशनची खूण रेल्वेच्या यादीत ‘ई.एल.पी.’ अशी आहे, ती एलिचपूरची.

गाडीलाही इथल्या लोकांनी नाव दिले. वेळापत्रकात ती पॅसेंजर. लोकांच्या तोंडी शकुंतला, पुढे तर शकुंतला एक्सप्रेस. तासाला वीस किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या गाडीला एक्सप्रेस म्हणण्यात वऱ्हाडी माणसाचा सगळा स्वभाव आला. नाटकातली शकुंतला, तिची हरवलेली अंगठी आणि विसराळू राजा यांचा दाखला प्रत्येक सभेत कोणी ना कोणी देतोच. आम्ही तो मोह येथे आवरतो.

1970 ते 1990 : ट्रक आणि एस.टी.

1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. कापूस कोणी, कुठे, काय भावाने घ्यायचा याची सगळी रचना बदलली. खरेदी केंद्रावरून गाठी ट्रकने थेट जाऊ लागल्या. मूर्तिजापूरला उतरवा-चढवा करण्याचा खर्च आणि वेळ कोणालाच परवडेना. ज्या ओझ्यासाठी हा रूळ टाकला ते ओझेच निघून गेले. मालडबे कमी झाले, आकडेवाले हमाल दुसऱ्या कामाला लागले.

रस्ते झाले, एस.टी. गावागावात पोचली. 76 किलोमीटरला गाडीला चार तासांच्या आसपास लागत; एस.टी. निम्म्या वेळात नेई. मग गाडीत कोण उरले? ज्यांच्याकडे वेळ होता आणि पैसा नव्हता ते. सोंगणी-वेचणीला निघालेले मजूर, परतवाड्याकडून खाली मैदानात उतरलेले कोरकू कुटुंब, दवाखान्यात जाणारी म्हातारी, शाळा-कॉलेजची मुले. एस.टी.च्या मानाने तिकीट किरकोळ, आणि गाठोडे, बकरीचे पिल्लू, कोंबडी यांवर कोणी फार हरकत घेत नसे. धावत्या गाडीतून उतरून धुऱ्यावरची बोरे तोडायची आणि पुन्हा मागच्या डब्यात चढायचे, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक जण स्वतःवर बेतलेली म्हणून सांगतो. संपादक मंडळाकडे आलेल्या आठवणींत ती इतक्यांदा आली की एवढी बोरे त्या धुऱ्यांवर होती का, अशी शंका येते.

पण तोटा वाढत होता हे नाकारून चालणार नाही. लहान स्टेशनांवरची माणसे हळूहळू कमी झाली. मास्तर गेला, पॉइंट्समन गेला, खिडकी बंद झाली, घड्याळ गेले. पाटी राहिली.

1990 ते 2000 : वाफ संपली

15 एप्रिल 1994 रोजी मँचेस्टरचे ते इंजिन सेवेतून काढले आणि त्याच्या जागी डिझेल आले. सत्तर वर्षे चाललेल्या यंत्राला निरोप देताना जे वाटायचे ते सर्वांना वाटले. डिझेल आल्याने पाणी भरायला थांबणे गेले, राख टाकणे गेले. वेग काही फारसा वाढला नाही, कारण वेग इंजिनाने ठरत नव्हता, खालच्या रुळाने ठरत होता. काळ्या मातीतले जुने हलके रूळ आणि कमी पडणारी गँग, त्यावर इंजिन कितीही जोरकस आणले तरी चालवायचे जपूनच. लहान मुलांना मात्र नवे इंजिन पसंत पडले नाही. त्याच्यातून धूर निघत नव्हता.

1998 मध्ये वाशीम जिल्हा झाला आणि कारंजा त्यात गेले. एक रूळ, चार जिल्हे. मागणीपत्र द्यायचे तर चार कचेऱ्या.

2000 ते 2020 : फाटकावरची गाडी

शेवटच्या वर्षांत ही संस्था जेमतेम सात माणसांच्या जिवावर चालली होती, आणि ती सातही गाडीतच बसत. त्यांचे काम जवळून पाहिले पाहिजे.

रस्त्याचे फाटक आले की गाडी शंभर पावले आधी थांबायची. एक जण उडी मारून खाली उतरायचा, पुढे चालत जायचा, दोन्ही बाजूंच्या मोटरसायकली आणि बैलबंड्या हाताने थोपवायचा, फाटक ओढायचा, लाल-हिरव्या झेंडीतली हिरवी दाखवायचा. गाडी फाटक ओलांडून पुन्हा थांबायची. मग तो फाटक उघडायचा, खोळंबलेल्या एखाद्या ओळखीच्याशी दोन शब्द बोलायचा आणि धावत येऊन शेवटच्या डब्याचा दांडा धरायचा. स्टेशन आले की गार्ड खाली उतरून तिकिटे द्यायचा, कारण तिकीट देणारे दुसरे कोणी नव्हते. कुठे सांधा बदलायचा असला तर तोही हाताने. एका फेरीत हे कितीदा व्हायचे याची मोजदाद कोणी ठेवली नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडचा पारा 45 अंशांना भिडतो, तेव्हाही हे असेच चालायचे. या कामगारांना संपादक मंडळाने एकमताने प्रथम मान दिला आहे.

पण माणसांच्या कष्टाने लोखंड तरुण होत नाही. रूळ झिजले, पूल तपासणीत बसेनात, पावसाळ्यात फेऱ्या बंद ठेवाव्या लागू लागल्या. पावसाळ्यापुरती म्हणून बंद झालेली गाडी पुढच्या हिवाळ्यात आली नाही, असे करत आधी यवतमाळची बाजू थंडावली आणि मागोमाग अचलपूरचीही. ‘गाडी कायमची बंद’ असा कागद कोणी स्टेशनवर लावला नाही. लोक काही दिवस येऊन पाटीखाली बसत, मग वळून रस्त्याकडे जात.

आज

आज मार्गावर बाभळी आणि रुई उगवली आहे. जिथे फाटक होते तिथे डांबर रुळांवरून गेले आहे. उन्हात त्यातून दोन लोखंडी रेघा चमकतात. लाखपुरीजवळ पूर्णेला पूर आला की लोक अजून सवयीने रेल्वेपुलाकडे पाहतात. कापूसतळणीच्या नावात कापूस आहे आणि शिवारातही आहे, फक्त तो आता रुळाने जात नाही.

संस्था बंद असली तरी कार्य थांबलेले नाही. गाडी पुन्हा सुरू व्हावी, मार्ग रुंद व्हावा यासाठी चारही जिल्ह्यांत निवेदने, सभा, सत्याग्रह झाले आणि होत आहेत. या कामात दोन विचार आहेत. काहींना रुंद रूळ आणि थेट मुंबई-नागपूरची जोडणी हवी आहे. काहींना वाटते की थोडा भाग तरी माथेरानसारखा अरुंदच राखून वारसा म्हणून चालवावा. दोघांच्या बैठका कधी कधी एकाच दिवशी एकाच वेळी ठेवल्या गेल्या, हा योगायोग समजावा. मागणीच्या मुळाशी दोघांचे एकच म्हणणे आहे, की रूळ विकू नयेत आणि जमीन वाटू नये.

आमचे मत विचाराल तर रुंद मार्ग आधी. वारसा म्हणून जपायला कारंजाचा एखादा डबा आणि एक सिग्नल पुरे; संत्रा, कापूस आणि शिकणारी मुले मात्र संग्रहालयात बसून मुंबई गाठत नाहीत. यवतमाळच्या बाजूला थोडी हालचाल दिसते. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गावरचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर यांच्या वाट्याला अजून तसा दिवस आलेला नाही. 1803 च्या डिसेंबरात याच अंजनगावात शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, असे शाळेच्या पुस्तकात आहे. दोन फौजांनी समोरासमोर बसून तह केला. रुळाच्या दोन मालकांना तेवढे जमायला हरकत नव्हती.

या इतिहासात राहून गेलेले पुष्कळ आहे. स्टेशन मास्तरांची नावे, गँगच्या हजेरीपटातली माणसे, पुसद फाट्यावरची छायाचित्रे, मूर्तिजापूरच्या हमालांचे बिल्ले. ज्यांच्या घरी जुने पुठ्ठ्याचे तिकीट, सिग्नलचा कंदील, पावतीपुस्तक, पासाचा फोटो किंवा आजोबांची नेमणुकीची चिठ्ठी असेल त्यांनी ती टाकून देऊ नये. मूळ वस्तू आपल्याजवळच ठेवा, फक्त तिची प्रत आणि कोणाची, कोणत्या स्टेशनची, एवढे चार शब्द लिहून संपादक मंडळाकडे पोचवा. स्टेशनची पाटी कोणी जपून ठेवण्यासाठी म्हणून घरी नेली असेल, तर तिची नोंद विनाप्रश्न घेतली जाईल.